दोन गाद्या आणि एकच घर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की ऐतिहासिक कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांनी कुठे अडलं असेल तर कळवा, आणि आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणजे घरातली माणसं यादवीत दोन बाजूंना गेली तर ते लिहायचं कसं. बहुतेकांनी १७०७ नंतरचा सातारा-कोल्हापूरचा काळ घेतलाय, म्हणजे साताऱ्याला शाहूंची आणि कोल्हापूरला ताराबाईंच्या बाजूची अशा मराठ्यांच्या दोन गाद्या झाल्या तो. एकदोघांनी दुसरं निवडलंय. अंकात जागा आहे तेवढे प्रश्न घेतोय, पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण बाकीच्यांच्या कामाचंही बरंच त्यात आलंय.

प्रश्न (सातारा): शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या संघर्षावर कादंबरी लिहितोय. दोन भाऊ आहेत, थोरला शाहूंकडे जातो, धाकटा ताराबाईंकडे राहतो. चार प्रकरणं झाली पण धाकटा आपोआप व्हिलन होत चाललाय. मित्र म्हणतात एक गद्दार असल्याशिवाय गोष्ट रंगणार नाही. काय करू?

मित्रांचं या बाबतीत ऐकू नका. वाचकाला दोन्ही भावांचं पटायला लागलं की अशी गोष्ट रंगते, आणि तुम्ही जो काळ घेतलाय त्यात खरंच दोघांचंही बरोबर होतं.

धाकट्याच्या जागी जरा बसून बघा. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले, ताराबाई तेव्हा जेमतेम पंचविशीच्या, मुलगा चार वर्षांचा, आणि खुद्द औरंगजेब एकेक किल्ला घेत सह्याद्रीत फिरतोय. सात वर्षं त्या बाईंनी हे रेटलं, सैन्य फिरवलं, मोगलांच्या मुलखात घुसवलं, गेलेले किल्ले परत घेतले. मग १७०७ ला बादशहा नगरला मेला आणि थोड्याच दिवसांत बातमी आली की संभाजी महाराजांचा मुलगा सुटून येतोय. त्याला सोडलं कोणी, तर औरंगजेबाच्याच मुलानं, आजमशहानं. आई येसूबाई अजून मोगलांकडे ओलीस. सात वर्षांचा असताना रायगडावरून नेलेला पोरगा पंचविशीचा होऊन येतोय, एवढी वर्षं बादशहाच्या छावणीत वाढलेला, त्याला चेहऱ्याने ओळखणार कोण? ताराबाई म्हणाल्या हा तोतया आहे, आणि असला खरा तरी हे राज्य आम्ही राखलंय. बखरी सांगतात की त्यांनी सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या. तुमच्या धाकट्याने ती शपथ घेतलीये. ती त्याने पाळली तर त्यात गद्दारी कुठे आली?

आता थोरला. त्याच्या मनात शाहू म्हणजे थोरल्या पातीचा वारस, ज्या राजाला औरंगजेबानं हालहाल करून मारलं त्याचा मुलगा. राजाराम महाराज जिंजीहून कारभार बघत होते तेव्हाही तो शाहूंच्या वतीनेच चाललाय असं मानणारे खूप होते. मग मालक दारात आल्यावर त्याच्यावर तलवार धरायची? हेही तितकंच पटतं की नाही?

म्हणून माझं म्हणणं असं की फूट कुठल्या दिवशी, कुठल्या ठिकाणी आणि कशावरून पडली ते आधी नक्की करा. राज्य कोणाचं हा मोठा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता पण माणसं हलली ती फार जवळच्या गोष्टींनी, दिलेली शपथ, वतनाची म्हणजे पिढीजात हक्काची सनद, बायकामुलं कुठल्या गावात अडकलीत, कोणी कोणाचा अपमान केला. ऑक्टोबर १७०७ ला भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, ताराबाईंकडून सेनापती धनाजी जाधव आणि परशुराम त्रिंबक प्रतिनिधी. धनाजींनी आधी खंडो बल्लाळ चिटणीसांकरवी खात्री करून घेतली की हे खरेच शाहू, आणि मग ते तिकडे गेले. परसोजी भोसले त्याआधीच शाहूंबरोबर होते, सगळ्यांसमोर एका ताटात जेवून त्यांनी लोकांचा संशय घालवला असंही सांगतात. या जेवणावरच तुम्हाला एक अख्खं प्रकरण लिहिता येईल, मांडी घालून बसलेली माणसं आणि सगळ्यांची नजर एका घासावर.

परशुरामपंत मात्र शपथेला चिकटून राहिले, मागे हटून साताऱ्याच्या किल्ल्यात बसले. किल्ल्याचा हवालदार शेख मिरा. त्याची बायकामुलं वाईला होती, ती शाहूंच्या लोकांनी ताब्यात घेतली आणि किल्ला दिला नाही तर त्यांचं काय होईल ते त्याला कळवलं. शेख मिऱ्याने पंतांना कैद केलं आणि दरवाजा उघडला. आता सांगा, हा गद्दार का? शंकराजी नारायण सचिवांचं तर वाचवत नाही, एकीकडे ताराबाईंना दिलेला शब्द आणि दुसरीकडे शिवाजी महाराजांचा सख्खा नातू फौज घेऊन येतोय, त्या माणसाने दोन्हीतलं काहीच न निवडता जीव दिला. त्यांच्या लहान मुलाला शाहूंनीच पुढे सचिवपद दिलं.

आणि भाऊ हवेत ना, तर याच परशुरामपंतांच्या घरात बघा. शाहूंनी त्यांना काही वर्षं कैदेत ठेवलं, मग सोडून प्रतिनिधीपद परत दिलं. पंतांनी थोरल्या मुलाला, कृष्णाजीला, विशाळगडाकडे आपल्या वतीने पाठवलं तर तो तिकडे जाऊन कोल्हापूरच्या संभाजीराजांना, म्हणजे राजाराम महाराजांच्या दुसऱ्या मुलाला, मिळाला आणि त्यांचा प्रतिनिधी झाला. शाहूंना वाटलं की हे बापानंच करवलंय. पंत पुन्हा कैदेत, या वेळी तर जिवावरच बेतलं होतं, खंडो बल्लाळ मध्ये पडले म्हणून वाचले. आणि पंतांचा दुसरा मुलगा श्रीपतराव? तो साताऱ्याला, शाहूंच्या अगदी मर्जीतला, १७१८ ला वडील गेल्यावर तोच तिथला प्रतिनिधी. म्हणजे एका बापाचे दोन मुलगे, दोन गाद्यांचे दोन प्रतिनिधी, एकच पद. १७३० ला वारणेकाठी कोल्हापूरच्या फौजेचा मोड केला तो याच श्रीपतरावांनी.

लोक पटकन म्हणतात की एक मुलगा इकडे आणि एक तिकडे ठेवणं हा वतन वाचवायचा हिशोबच होता, कोणीही जिंकलं तरी घर शाबूत. असा विचार करणारी घराणी होती, यात शंका नाही. पण तुम्ही कादंबरीत तो हिशोब पक्का करून टाकू नका, कारण मग कोणालाच काही दुखत नाही. बाप तुरुंगात बसलाय, थोरला त्याच्यामुळेच की त्याच्याविरुद्ध जाऊन तिकडे गेला हे धाकट्यालाही माहीत नाही, राजालाही नाही, आणि बाप काहीही बोलला तरी कोणी विश्वास ठेवणार नाही. हा संशय शेवटपर्यंत तसाच ठेवण्यात कादंबरीचा जीव आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

अजून एक, फूट नेहमी १७०७ सालीच पडली पाहिजे असंही नाही. धनाजी जाधव शाहूंकडे आले, पण त्यांचा मुलगा चंद्रसेन १७११ ला ताराबाईंकडे गेला, कशावरून तर शिकारीतल्या एका हरणावरून बाळाजी विश्वनाथांशी भांडण झालं. अर्थात हरीण निमित्त, बापाच्या हाताखाली वसुलीचं काम बघणारा माणूस आता आपल्या डोक्यावर बसतोय हे खरं दुखणं. नंतर तो निजामाकडे गेला तो गेलाच.

तर आता पुढचं प्रकरण लिहू नका. झालेली चारही धाकट्याच्या बाजूने एकदा लिहून काढा, पुस्तकात घेऊ नका, नुसती लिहा. तो व्हिलन राहणार नाही.

प्रश्न (कऱ्हाड): माझी नायिका साताऱ्याच्या बाजूच्या घरात दिलेली आणि माहेर पन्हाळ्याकडचं. नवरा आणि भाऊ दोघंही लढाईवर. ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात तिच्या वाट्याला काही घडतच नाही. तिला तलवार देऊ का?

ताराबाईंचा काळ आहे म्हणून प्रत्येक नायिकेला घोड्यावर बसवायचं असं करू नका, ताई. घडत नाही असं वाटतंय कारण तुम्ही तिला बातमी ऐकायला दारात उभं केलंय आणि सगळं लढाईवर घडवताय. उलट करा, लढाई लांब ठेवा. दोन्हीकडचं नातं एकाच वेळी निभावायची वेळ त्या घरात एकटीवरच आलीये.

खऱ्या बायका बघा. इचलकरंजीच्या अनुबाई घोरपडे, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी, बाजीरावांची सख्खी बहीण, माहेर म्हणजे साताऱ्याच्या कारभाराचं केंद्रच. नवरा व्यंकटराव घोरपडे कोल्हापूरच्या बाजूला, आणि १७३० च्या वारणेच्या लढाईत साताऱ्याच्या फौजेनं त्यांना पकडलं. म्हणजे भाऊ ज्या राजाचा पेशवा त्याच राजाच्या कैदेत नवरा! त्या दिवशी इचलकरंजीच्या वाड्यात काय झालं असेल, सासरच्यांनी तिच्याकडे कशा नजरेने बघितलं असेल, भावाला पत्र लिही म्हणाले असतील की लिहू नकोस म्हणाले असतील. पुढे याच बाईंनी इचलकरंजीचा कारभार कितीतरी वर्षं स्वतः हाकला.

थोडं मागे गेलात तर येसूबाई, संभाजी महाराजांच्या पत्नी आणि भाऊ गणोजी शिर्के मोगलांच्या चाकरीत. गणोजींच्या घरात शिवाजी महाराजांची मुलगी दिलेली, म्हणजे साटंलोटंच, दोन घरांत दोन मुली आणि मध्ये युद्ध. त्याच्याही आधी १६८० ला सोयराबाईंनी राजारामांना गादीवर बसवलं तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ हंबीरराव मोहिते सरसेनापती होता आणि तो भाच्याला सोडून संभाजी महाराजांच्या बाजूने उभा राहिला. या हंबीररावांचीच मुलगी ताराबाई. आत्या-भाचीचं नातं नंतर सासू-सुनेचं झालं, बाप ज्याच्यासाठी बहिणीच्या विरुद्ध गेला त्याच्या मुलाशी लेक लढली, हे सगळं एका कुटुंबात.

तुमच्या नायिकेसाठी काही गोष्टी सुचवते, वापरा न वापरा. पहिलं बाळंतपण माहेरी, पण माहेर आता शत्रूचा मुलूख, जायचं की नाही आणि मूल तिकडे जन्मलं तर परत आणू देतील का. भाऊबीज. भाऊ गेल्याची बातमी येते आणि त्याच्याच पराभवाचा आनंद म्हणून सासरी साखर वाटली जाते, सुतक पाळायचं की नाही हे ती कोणाला विचारणार? दिराच्या सोयरिकीची बोलणी, दोन्हीकडची मुलगी-मुलगा आणि मध्ये वारणा. आणि १७३१ च्या तहानंतर तर नदीच्या उत्तरेचं साताऱ्याचं आणि दक्षिणेचं कोल्हापूरचं असं झालं, त्याआधी कऱ्हाडजवळ जखिणवाडीला शाहू आणि संभाजीराजे हे दोघे चुलतभाऊ मोठ्या थाटात भेटले, तुमच्या अगदी गावाशेजारी. पुरुषांची गळाभेट झाली, तह झाला, पण मधल्या २४ वर्षांत बायकांच्या ज्या भेटी राहिल्या त्या राहिल्याच. हे तुम्ही लिहा, कोणीतरी लिहायलाच पाहिजे.

ताराबाई स्वतः सुद्धा शेवटी कुठे राहिल्या? १७१४ ला त्यांच्याच सवतीने, राजसबाईंनी, आपल्या मुलाला गादीवर बसवून त्यांना आणि त्यांच्या मुलाला पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. १७३० ला त्या साताऱ्याच्या फौजेच्या हाती लागल्या तर परत पन्हाळ्याला जाण्यापेक्षा पुतण्याकडे साताऱ्याला राहणं त्यांनी पसंत केलं, ज्याला तोतया म्हटलं होतं त्याच पुतण्याकडे. १७६१ च्या डिसेंबरमध्ये गेल्या, पानिपतही बघून गेल्या.

प्रश्न (नाशिक): राघोबादादा आणि माधवराव यांच्यावर लिहायचंय पण सगळं लिहून झालंय असं वाटतं. नवीन काय उरलंय?

सगळेजण नारायणरावांच्या खुनाकडे धावतात म्हणून तसं वाटतं. तुम्ही त्याच्या दहा वर्षं आधी थांबा. नोव्हेंबर १७६२, आळेगाव. काका निजामाची मदत घेऊन पुतण्यावर आलाय आणि १७ वर्षांचा पेशवा अजून रक्त सांडण्यापेक्षा स्वतः काकाच्या स्वाधीन होतो. वर्षही पुरं होत नाही तोवर ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला हेच दोघे एकत्र निजामाशी लढतात, राघोबा शत्रूच्या गराड्यात सापडतात आणि पुतण्या त्यांना सोडवतो. आणि त्यानंतर १७६८ ला तुमच्याच जिल्ह्यातल्या धोडपला पुन्हा समोरासमोर, काका पकडला जातो आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत.

राक्षसभुवन ते धोडप ही पाच वर्षं घ्या. ज्याचा जीव वाचवला त्यालाच कैद करावं लागतं, आणि ते सुद्धा त्याच वाड्यात जिथे दोघं लहानमोठे झाले. रोज एका छपराखाली. मला तरी यात खूप काही शिल्लक दिसतं.

प्रश्न (व्हर्जिनिया, अमेरिका): इथे २० वर्षं राहतेय. मुलांच्या शाळेत सिव्हिल वॉर शिकवतात, भाऊ विरुद्ध भाऊ असं सारखं कानावर येतं. त्यावर मराठीत कादंबरी लिहावी असं वाटतं, कोणाला रस असेल का आणि सुरुवात कुठून करू?

रस असेल, मराठी वाचकाला घर फुटण्याची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. खऱ्या उदाहरणांना तिथे तोटाच नाही. केंटकीचे सिनेटर जॉन क्रिटेंडन, युद्ध टळावं म्हणून १८६० च्या डिसेंबरमध्ये तडजोडीचा मसुदा मांडणारा माणूस, त्यांचाच एक मुलगा जॉर्ज दक्षिणेचा, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांचा, मेजर जनरल आणि दुसरा मुलगा थॉमस उत्तरेचा, म्हणजे संघराज्याचा, मेजर जनरल. तडजोड संसदेत जमली नाही आणि घरातही नाही. मार्च १८६२ ला तुमच्या व्हर्जिनियाच्याच किनाऱ्यावर हॅम्प्टन रोड्सला फ्रँकलिन ब्युकॅनन दक्षिणेची पोलादी नौका घेऊन काँग्रेस नावाच्या जहाजावर तुटून पडला आणि त्या जहाजावर त्याचा सख्खा भाऊ मॅककीन खजिनदार होता. भाऊ वाचला.

पण मी तुमच्या जागी असते तर पुढे दक्षिणेचे सेनापती झालेल्या रॉबर्ट ली यांच्या बहिणीपासून सुरुवात केली असती. २० एप्रिल १८६१ ला लींनी सैन्याचा राजीनामा दिला आणि त्याच दिवशी बाल्टिमोरला राहणाऱ्या बहिणीला, अॅन मार्शलला, पत्र लिहिलं की मला माझ्या नातेवाइकांवर, मुलांवर, घरावर हात उचलायला मन होत नाही. बहीण उत्तरेच्या बाजूची. तिचा मुलगा उत्तरेच्या सैन्यात, म्हणजे मामाच्या विरुद्ध. १८६४ ला ती गेली, युद्ध संपायच्या आधीच. ते पत्र वाचून तिने काय केलं असेल, तिथे तुमची कादंबरी सुरू होऊ शकते. आणि लींसारखेच व्हर्जिनियाचे जनरल जॉर्ज थॉमस उत्तरेकडे राहिले तर त्यांच्या बहिणींनी त्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवला असं सांगतात.

आता एक गोष्ट ठामपणे सांगायचीये. सातारा-कोल्हापूरबद्दल मी वर म्हटलं की दोघांचंही बरोबर होतं, ते इथे जसंच्या तसं उचलू नका. हे युद्ध गुलामगिरीवरून झालं. १८६० ला तिथे सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती, आणि भाऊ विरुद्ध भाऊ ही गोष्ट पुढे इतक्यांदा सांगितली गेली की त्या दोन गोऱ्या भावांच्या डोळ्यातल्या पाण्यात ही माणसं दिसेनाशी झाली. घरं तर त्यांचीही फुटलेली होती ना, आणि ती युद्धाने नाही, आईला एका मालकाला आणि मुलाला दुसऱ्या मालकाला विकल्यामुळे. युद्धानंतर सुटलेल्या लोकांनी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, की माझी आई अमुक गावी विकली गेली होती, कोणाला माहीत असेल तर कळवा. ते कागद आज वाचायला मिळतात. तुमच्या कादंबरीत दोन भाऊ असतील तर त्यांच्या स्वयंपाकघरात राबणारी बाई पण असली पाहिजे, तिचं नाव असलं पाहिजे, तिची मुलं कुठे आहेत ते वाचकाला कळलं पाहिजे. भावांवर माया ठेवा, पण कोण कशासाठी लढतंय हे धूसर करू नका.

हेच थोडं आपल्याकडच्या लेखकांनाही सांगावंसं वाटतं. दोन गाद्यांच्या भांडणात रयतेच्या दाराशी दोन्हीकडचे वसुलीला यायचे. ज्याचं वतन नाही, सनद नाही, शपथही कोणी मागितली नाही, त्या कुळाचंही घर असतं आणि तेही फुटतं.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्याच घराण्याच्या दोन शाखा आहेत, एक साताऱ्याकडची, एक आमची. त्यावर लिहितोय हे कळल्यावर तिकडचे काका म्हणाले की आमच्या पूर्वजाला वाईट दाखवलंस तर संबंध संपले. थांबवू का लिहिणं?

थांबवू नका, पण काकांचं म्हणणं झटकूनही टाकू नका. ३०० वर्षांनीही ज्याला आपल्या पूर्वजाची बदनामी सहन होत नाही त्या माणसाचं त्या पूर्वजावर खरंखुरं प्रेम आहे. खऱ्या नावाने लिहिणार असाल तर कागदात नाही असा एकही डाग कोणावर टाकू नका. कल्पनेनं पाप रचायचं असेल तर घराण्याचं आणि गावाचं नाव बदला, मग तुम्ही मोकळे.

मी म्हणेन काकांकडे जाऊन त्यांच्या शाखेत सांगतात ती गोष्ट लिहून घ्या, त्यांच्या शब्दांत. तुमच्या शाखेची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकलीये, त्यांची नाही. खंडो बल्लाळांचंच बघा ना, वडिलांना, बाळाजी आवजींना, संभाजी महाराजांनी हत्तीच्या पायी दिलं होतं, आणि हा माणूस पुढे आयुष्यभर त्याच घराण्याची चाकरी करत राहिला. राजाराम महाराजांना जिंजीतून सोडवायचं होतं तेव्हा मोगलांच्या छावणीतल्या गणोजी शिर्क्यांनी दाभोळचं वतन मागितलं आणि खंडो बल्लाळांनी ते स्वतःचं वतन देऊन टाकलं असं सांगितलं जातं. आता ही गोष्ट चिटणीसांच्या बाजूने ऐकली तर त्याग, आणि शिर्क्यांच्या बाजूने ऐकली तर वेढ्यातून आपल्या राजाला बाहेर काढणारा माणूस मोगलांच्या चाकरीत राहूनही आपलाच होता. तुमच्या काकांकडेही असंच काहीतरी असणार.

लिहून झालं की छापायच्या आधी त्यांना वाचायला द्या. आवडेलच असं नाही, पण त्यांच्या आधी दुसऱ्या कोणी वाचलं असं होऊ नये.

प्रश्न (पुणे, विद्यार्थिनी): वतन, शपथ, नाती हे सगळं वाचायला कुठे मिळेल? बखरींवर विसंबून लिहिलं तर चालेल का?

बखरी जरूर वाच, त्यांच्यातली भाषा आणि प्रसंग कानात बसू देत, पण बऱ्याच बखरी घटनेनंतर खूप वर्षांनी लिहिल्यात आणि लिहिणारा कोणाच्या तरी पदरी होता हे लक्षात ठेव. तुला हवंय ते बहुतेक महजर आणि करीन्यांमध्ये मिळेल. महजर म्हणजे वतनाच्या भांडणात गावसभेनं दिलेला निवाडा, आणि करीना म्हणजे त्या भांडणातल्या घराण्याने सांगितलेली आपली हकीकत, आमच्या आज्याने काय केलं, भाऊबंदांनी घर कसं जाळलं, कोण परागंदा झालं, कोणाची बायको गरोदर असताना पळून माहेरी गेली आणि मग तो मुलगा मोठा होऊन वतन मागायला आला. भाऊबंदकीचं इतकं जिवंत लिखाण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. दुसऱ्या बाजूचा करीना मिळाला तर तोही वाच, तीच घटना पार वेगळी निघते.

पुण्यात आहेस म्हणून सोपं आहे, भारत इतिहास संशोधक मंडळात जा, १९१० पासूनची संस्था आहे, त्यांनी छापलेल्या साधनांचे खंड आधी वाच. मग पेशवे दफ्तर, पुणे पुराभिलेखागारात. कोल्हापूरलाही पुराभिलेखागार आहे आणि दुसऱ्या गादीची बाजू हवी असेल तर तिथेही जावंच लागेल, नुसतं पुण्यात बसून साताऱ्याच्याच चष्म्यातून लिहिलं जाईल. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्रही वाच, ते कोल्हापूरच्या बाजूचे, आणि त्यांनी वतनदारांना राज्याचे दायाद म्हणजे वाटेकरी भाऊबंदच मानलंय, ते वाचलं की वतनासाठी माणसं भावालाही का सोडायची हे लक्षात येतं.

मोडी शिकून घे. सुरुवातीला अक्षरं एकमेकांत गेलेली दिसतात पण रोज पानभर वाचलं की हळूहळू डोळा बसतो. आणि पत्रं वाचताना मायना सोडून पुढे जाऊ नकोस, कोण कोणाला कसं लिहितोय तिथेच बरंचसं कळतं. दोन छावण्यांमधून लिहिणारे काका-पुतणे सुद्धा तीर्थरूप आणि चिरंजीव असंच लिहितात, आणि पुढच्या ओळीत किल्ला खाली करायला सांगतात. तुझ्या पात्रांनाही तसंच बोलू दे, भांडताना सुद्धा नात्याचा मान ठेवून. आजच्या सिरियलसारखे एकमेकांच्या अंगावर ओरडणारे भाऊ त्या काळात घातलेस तर ते खोटे वाटतील.

एखाद्या कागदावर अडलीस तर त्याचा फोटो आणि तुला लागलेलं वाचन आमच्याकडे पाठव, पुढच्या अंकात त्यातला एखादा कागद घेऊन बसू.